राहतं घर मुलांच्या नावावर: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

साठी उलटली की राहत्या फ्लॅटचा विषय घरात निघतो आणि चार ठिकाणी विचारलं तर सल्ला एकच मिळतो: "बक्षीसपत्र करून टाका, दोनशे रुपयांत काम होतं." माहिती खरी आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन जोडीदाराला, मुलामुलींना, नातवंडांना किंवा दिवंगत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा लागतो. पण घराचा निर्णय स्टॅम्पच्या खर्चावरून घेऊ नये.

बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची आहे. ती झाली आणि मुलाने बक्षीस स्वीकारलं की मालक तो. नंतर तुमचं मन पालटलं म्हणून दस्त एकतर्फी रद्द होत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 इथे मदतीला येतं: सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकतं. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळाची अट आणि तुम्हा दोघा नवरा-बायकोचा हयातभर राहण्याचा हक्क दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. तोंडी भरवशावर राहू नका. ती अट नंतर सिद्ध करताना फार ओढाताण होते.

मृत्युपत्रात तुम्ही आहात तोवर घर तुमचंच. विका, गहाण ठेवा, मृत्युपत्र दहा वेळा बदला. शेवटचं तेवढं ग्राह्य. स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणी ऐच्छिक असते (तरी करावीच). तुमच्या सहीसोबत दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच.

त्याची कमजोर बाजूही तितकीच खरी आहे. वाद उभा राहतो तेव्हा सांगायला तुम्ही नसता. कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करायला साधारणपणे निदान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं. त्यामुळे समवयस्क मित्रापेक्षा वयाने लहान साक्षीदार घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. प्रत्येक पानावर सही करा, फ्लॅट क्रमांक आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक लिहा, त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर कारण दोन ओळींत नोंदवा. मुद्दाम वगळलंय की विसरलंय, यावरच पुढे भांडणं होतात.

"सोसायटीत नॉमिनी लावलाय" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं.

आणि काहीच केलं नाही तर? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या पश्चात पत्नी, मुलं आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळे समान वाटेकरी. अपत्य नसलेल्या विधवेने स्वतः कमावलेलं घर मात्र नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या भावंडांकडे नाही. अशा प्रत्येक बाईने मृत्युपत्र आजच करावं, हे मी कळकळीने सांगते. गोव्यात मुलं असतील तर साधारण निम्म्याच मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच.

माझं मत स्पष्ट आहे: डोक्यावर एकच छप्पर असेल तर मृत्युपत्र करा, आणि त्यात जोडीदाराला हयातभर राहण्याचा हक्क आधी द्या. बक्षीसपत्र शोभतं ते दुसऱ्या घराला, किंवा मुलगा-मुलगी स्वतः कसत असलेल्या जमिनीला. पीककर्जासाठी त्यांचं नाव सातबारावर आजच लागलेलं बरं. तिथे दस्त झाल्यावर थांबू नका. फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठ्याकडे पाठपुरावा करा.