पिरिफॉर्मिस सिंड्रोमवरील फिजिओथेरपी : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बेळगावच्या वडगाव भागात मी गेली 19 वर्षे ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मशीन मोटारीची असल्यामुळे दिवसभर उजवा पाय पायडलवर असतो आणि तो नकळत बाहेरच्या बाजूला वळलेला राहतो. मागच्या दिवाळीच्या गर्दीत उजव्या कुल्ल्यात खोलवर दुखायला लागले. बसले की दुखणे वाढायचे, थोडे चालले की सैल पडायचे आणि रात्री पोटरीपर्यंत मुंग्या यायच्या. कुल्ल्यातला पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू आखडून पायाकडे जाणारी नस चिडल्याचे हे दुखणे निघाले. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत मी त्यावर फिजिओथेरपी घेतली.

त्याआधीचे दोन महिने मात्र माझ्याच एका शब्दामुळे वाया गेले. आपल्याकडच्या बायका कुल्ला दुखतो असे कोणासमोर म्हणत नाहीत. मराठीत ‘कंबर’ आणि कन्नडमध्ये ‘सोंट’ म्हणून मोकळ्या होतात. मीही हात कमरेवर ठेवून कंबर दुखते असेच सांगितले. एमआरआयमध्ये मणक्यांमधली एक चकती किंचित फुगलेली दिसली आणि त्यावरून एका दवाखान्यात मला सहा आठवडे कमरेचे ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणून ठेवण्याचा उपचार, देण्यात आले. काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येही अशी फुगलेली चकती सापडते, हे मला नंतर कळले. बोट नेमके कुठे ठेवायचे ते त्या सहा आठवड्यांत मला कोणी विचारले नाही आणि मीही आपणहून दाखवले नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्या दिवशी उपचाराच्या कुठल्याच मशीनला हात लावला नाही. मला डाव्या कुशीवर झोपवून त्यांनी उजवा गुडघा वाकवला, पाय आतल्या बाजूला आणून खाली दाबला, आणि नेहमीची कळ त्याच जागी उठली. पिरिफॉर्मिस हा लहानसा स्नायू माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपासून खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यापर्यंत जातो. बहुतेकांमध्ये सायटिक नस, म्हणजे कमरेकडून पायात उतरणारी जाड नस, त्याच्या खालून बाहेर पडते आणि काहींमध्ये ती त्याच स्नायूमधून वाट काढते. स्नायू आखडला की नस चिडते. याचे निदान एखाद्या फोटोवरून होत नाही, बाकीची कारणे बाजूला सारत तिथवर यावे लागते, हेही त्यांनी समजावले. शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का, बाळंतपणानंतर लघवीवर ताबा कमी झाला आहे का, हे दोन प्रश्न त्यांनी दार लावून अगदी सहजपणे विचारले. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू याच परिसरात असल्यामुळे बायकांच्या बाबतीत हे विचारणे भाग असते. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ होते आणि त्याचा कुल्ल्याशी काही संबंध असेल, असे मला तोवर वाटलेच नव्हते.

सुरुवात ताण देण्याच्या व्यायामांनी झाली. उताणे झोपून उजवा गुडघा डाव्या खांद्याकडे ओढायचा आणि 30 सेकंद धरायचा, असे तीन वेळा. उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून डावी मांडी छातीकडे आणायची, हा दुसरा. खुबा काटकोनापलीकडे वाकला की या स्नायूचे काम उलटते आणि बाहेर वळवणारा स्नायू आत वळवू लागतो, म्हणून दोन्ही दिशा लागतात. आराम तर पडायचा, पण तो दोन-तीन तासांपुरता. जास्त ओढले तर जास्त बरे वाटेल या समजुतीने मी एप्रिलमध्ये दिवसातून सात-आठ वेळा ओढत बसले, आणि आठवड्याभरात मुंग्या पावलापर्यंत पोहोचल्या. उरेब, म्हणजे तिरके कापलेले कापड ओढल्यावर लांब होते, पण त्याचा आकार बिघडतो, हे रोज कात्री चालवणाऱ्या बाईला निराळे सांगायची गरज नव्हती.

दाब देण्याच्या बाबतीतही मी अशीच चूक केली. बाई अंगठ्याने एकेक गाठ धरून सावकाश दाबत आणि मला श्वास सोडायला लावत, त्याने स्नायू खरोखर ढिला पडत असे. घरी मी मुलाचा टेनिस बॉल जमिनीवर ठेवून त्यावर दहा मिनिटे पडून राहिले आणि उठले तेव्हा पाय बधिर झाला होता. चेंडू भिंतीला टेकून वापरावा, मिनिटभर पुरे, आणि पायात झिणझिण्या आल्या तर आपण स्नायू सोडून नसच दाबतो आहोत असे समजून जागा बदलावी. तेल लावून नस चढवून देणाऱ्यांकडे जाण्याचा सल्ला मला शेजारपाजारच्या पाच जणींनी दिला. मी गेले नाही.

खरा फरक पडला तो ताकदीच्या व्यायामांनी. मे महिन्यात बाईंनी मला आरशासमोर उजव्या पायावर उभे केले. साडीची खालची कड डाव्या बाजूला दोन बोटे खाली आली. गिऱ्हाइकाच्या घेराची खालची कड सरळ आहे की नाही हे मी एका नजरेत सांगते, पण माझी स्वतःची कड अशी कलते हे मी कधी पाहिले नव्हते. कुल्ल्याच्या बाजूचा मोठा स्नायू कमजोर असल्यामुळे कंबर तोलली जात नव्हती, गुडघा आत झुकत होता आणि ते सगळे ओझे बिचारा पिरिफॉर्मिस ओढत होता. एकाच टाक्यावर सगळी शिवण तोलून धरल्यासारखे ते होते.

त्यासाठी कुशीवर झोपून, टाचा जोडलेल्या ठेवून, वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा. दिसायला हा व्यायाम पोरखेळ आहे, परंतु कंबर किंचित मागे लवंडली की सगळी मेहनत दुसऱ्याच स्नायूंकडे जाते. मी पाठ भिंतीला लावून करू लागले तेव्हा जिथे पंधरा सहज व्हायचे तिथे सहा होईनात. त्याला पुढे ब्रिज (उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे), मग गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा बांधून आडवे चालणे आणि शेवटी पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणे यांची जोड मिळाली. (पट्ट्याऐवजी दुकानातले रुंद इलॅस्टिक शिवून पाहिले, दहा दिवसांत ते लोंबले.) आठवड्यातून तीन दिवस हे व्यायाम केल्यावर सातव्या आठवड्यात पहिल्यांदा मी एक अख्खा ब्लाउज मध्ये न उठता पुरा केला.

नस सरकवण्याचा व्यायामही मी करते. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर न्यायची आणि गुडघा वाकवताना खाली आणायची. शेवटी ताणून धरायचे नाही. रात्रीच्या मुंग्या त्यानेच कमी झाल्या असे मला वाटते. अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) आणि टेन्स (कातडीवरून दिलेला विजेचा हलका प्रवाह) यांचे गुण माझ्या बाबतीत घरी पोहोचेपर्यंतच टिकले. शेकाला मात्र मी नावे ठेवणार नाही, बेळगावच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही.

आता पायडल मी सरळ गुडघ्यासमोर घेतले आहे, मांडी घालून काजे-बटण करणे बंद केले आहे आणि दर अर्ध्या तासाला मोबाईलचा गजर झाला की उठते. मांडीच्या आतल्या भागात बधिरता आली किंवा लघवी अडली, तर व्यायाम बाजूला ठेवून तडक मोठ्या दवाखान्यात जायचे, ही बाईंची ताकीद लक्षात आहे. दुखणे पूर्ण गेलेले नाही. माहेरी निपाणीला जाताना तासाभराने बसची सीट टोचू लागते. संकेश्वरच्या स्टँडवर गाडी थांबली की मी खाली उतरते, एका पायावर उभी राहून साडीची कड पाहते आणि कंडक्टरची शिट्टी झाली की पुन्हा चढते.