बोअरिंगचे पैसे घेतले, ब्लॉक लेथवर गेलाच नाही

“बोअर मारून घे, दोन घोडे वाढतील. 125 ला मागे टाकशील.” एवढ्या एका वाक्यावर मुलुंड ते दादर पार्सल पोहोचवणाऱ्या एका तरुणाने आपल्या स्प्लेंडरचं इंजिन उघडू दिलं. बोअर मारणं म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर आतून कातून रुंद करणं आणि त्यात मोठा पिस्टन टाकणं; घोडे म्हणजे हॉर्सपॉवर. बिल झालं 7,200 रुपये, तेही कच्च्या कागदावर: बोअरिंग, पिस्टन किट, मजुरी. पहिले काही दिवस गाडी सिग्नलवरून खरोखरच झटकन निघायची. तिसऱ्या आठवड्यात निळा धूर सुरू झाला, अ‍ॅव्हरेज पडलं आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर साठ गाठताच इंजिन ओरडायला लागलं. मग ती गाडी आमच्या टेबलावर आली.

हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढून सिलिंडरच्या आत वरच्या कडेपासून खाली नख फिरवलं, तर नख अडकलं. पिस्टनभोवतीची वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच भिंत झिजते, त्याच्या वर मूळ धातूची बारीक पायरी उरते. ही पायरी बोअरिंगमध्ये पहिल्याच फेरीत निघून जाते. ती जागेवर होती, म्हणजे ब्लॉक (सिलिंडरचा ठोकळा) कातकामाच्या लेथवर गेलेलाच नव्हता. होनिंग, म्हणजे बोअरिंगनंतरची बारीक घासाई, केलं की भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी दिसते आणि तिच्यात तेल धरून राहतं. इथे पॉलिश पेपर हाताने घासल्याचे उभे ओरखडे होते. पिस्टनच्या माथ्यावर, मोठ्या मापाच्या पिस्टनवर असतो तसा, 0.25, 0.50 असा कुठलाच आकडा नव्हता. साधा स्टँडर्ड पिस्टन, तोही जुनाच, खरडून साफ केलेला. नव्या होत्या त्या फक्त रिंगा. झिजून लंबगोल झालेल्या सिलिंडरमध्ये नवी गोल रिंग बसत नाही, त्यामुळे तेल वर येऊन जळायला लागलं. वरची रिंग त्या पायरीवर आपटून तुटली नाही, हे त्या मुलाचं नशीब.

मग सुरुवातीला पिकअप आला कुठून? पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, मोजला: 14 ऐवजी 13 दात. एक दात कमी केला की प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकावरचा जोर साधारण पावणेआठ टक्के वाढतो. त्याच वेगाला इंजिन मात्र तेवढंच जास्त फिरतं, म्हणून पेट्रोल जास्त जातं आणि हायवेवर दम लागतो. पॉवर तसूभरही वाढत नाही. ही युक्ती फार वाईट आहे, कारण गिऱ्हाईक चक्कर मारून येतो आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो की गाडी सुधारली. काम झाल्यावर चेन कव्हर उघडायला लावून दात मोजा, आधीचा आकडा लिहून ठेवलेला असू द्या.

समजा त्याने बोअर इमानदारीने मारला असता, तरी दोन घोडे मिळाले असते का? हिशेब वहीत करता येतो. स्प्लेंडरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 49.5 मिमी, क्षमता 97.2 सीसी. रिपेअरसाठी ओव्हरसाइझ पिस्टन येतात ते 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमीचे. अगदी शेवटचा 1.00 चा टाकला तरी बोअर 51 मिमी आणि क्षमता 101.1 सीसी होते. वाढ चार टक्के. इंजिनची पॉवर आठ घोड्यांच्या आसपास, म्हणजे सगळं जुळून आलं तरी वाढ एका घोड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. 0.25 ला तर वाढ जेमतेम एक टक्का, रायडरला ती कळणारही नाही. आठावर दोन घोडे म्हणजे पंचवीस टक्के. केवळ बोअरने ते आणायचे तर पिस्टन 56 मिमीचा लागेल. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या लोखंडी नळीच्या, भिंतीतून चारही बाजूंनी तीन-तीन मिमी धातू काढायचा, मग लायनर म्हणून काही शिल्लकच राहत नाही.

त्यातही ते चार टक्के पूर्ण मिळतीलच असं नाही. इंजिन हा हवेचा पंप आहे. कार्ब्युरेटरचं तोंड, इनलेट वॉल्व्ह, पोर्ट, कॅम आणि सायलेन्सर जुनेच राहिले तर जास्त फेऱ्यांवर आत येणारी हवा जवळपास तेवढीच राहते. वाढतो तो थोडा टॉर्क, म्हणजे ओढ, तोही खालच्या फेऱ्यांवर. बुलेटचं उदाहरण घ्या. जुन्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिनात 350 आणि 500 दोघांचा स्ट्रोक 90 मिमीच होता. बोअर 70 वरून 84 वर नेला तेव्हा क्षमता 346 वरून 499 सीसी झाली आणि पॉवर 19.8 वरून 27.2 बीएचपी. चौदा मिमीचा फरक आहे हा, आणि त्याच्या जोडीला फ्युएल इंजेक्शनसह कंपनीने इंजिनातलं बरंच काही बदललं होतं. गल्लीत मारलेल्या अर्ध्या मिमीच्या बोअरकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

तरीही रिबोअर केलेली गाडी चांगली पळते, हे खरं आहे. झिजलेल्या इंजिनातून कॉम्प्रेशन गळत असतं, पॉवर आधीच गेलेली असते. रिबोअरने ती परत येते. दुरुस्ती म्हणून हे काम उत्तम आहे, पण ‘पॉवर वाढवतो’ म्हणून ते विकणारा खोटं बोलतोय.

कामाची खरंच गरज आहे का, ते हेड उघडण्याआधीच कळतं. गरम इंजिनवर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन गेज लावा आणि आकडा लिहा. तो कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंग किंवा बोअर गेलाय. तसाच राहिला तर दोष बहुधा वॉल्व्हमध्ये, आणि वॉल्व्ह लॅपिंगने (वॉल्व्ह घासून नीट बसवण्याने) भागण्यासारखं असताना बोअरिंगचे पैसे कशाला द्यायचे? हे करायला नकार देणाऱ्या गॅरेजमध्ये इंजिन उघडू नका.

आणखी एक. सगळेच ब्लॉक बोअर होत नाहीत. यामाहा आर15 चा सिलिंडर लोखंडी लायनरचा नाही, सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा आहे. काही गाड्यांत आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो. असा सिलिंडर गेला की ब्लॉक-पिस्टन सेटच बदलतात. त्यावर बोअरिंगचं बिल दिसलं तर तिथेच थांबा आणि ब्लॉक हातात मागा.

बाजारात मिळणारा मोठा बोअर-अप किट घ्यायचा मोह झाला तर कायदाही बघा. सीसी आरसीवर लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर दावा नाकारायला विमा कंपनीलाही हे कारण पुरतं.

या मुलाची सर्वात मोठी अडचण होती ती कच्चा कागद. पक्कं बिल, त्यावर पिस्टनचा साइझ आणि जुने सुटे भाग हातात असते, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार भक्कम उभी राहते. कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जुना पिस्टन-रिंग परत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्या स्प्लेंडरचं पुढे असं केलं. बोअर वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी असा सहा वेळा मोजला. 0.50 चा पिस्टन आधी आणला आणि त्याच्या स्कर्टचं (खालच्या भागाचं) माप घेऊन मगच ब्लॉक बोअरिंगला दिला. पिस्टन न बघता मारलेला बोअर एकतर घट्ट होतो आणि ट्रॅफिकच्या उन्हात इंजिन जाम होतं, नाहीतर सैल होऊन सकाळी टकटक वाजतो. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुतला, आतून फिरवलेलं पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. रिंग एकेक करून बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) तिच्या दोन टोकांमधला गॅप तपासला. 50 मिमीला साधारण 0.20 मिमी चालतो. पिस्टनवरची ‘आयएन’ खूण इनलेटच्या बाजूला, पिस्टन पिन धरणाऱ्या सर्क्लिप नव्या, पुढचा स्प्रॉकेट पुन्हा 14 चा. पहिले 500 किलोमीटर चाळीसच्या आसपास, एकाच वेगात फार वेळ नाही, मागे जड पेटी नाही, आणि 500 ला ऑइल बदल.