मेंबर गेला, जागा रिकामी: वहिनींना बिनविरोध द्यायची की मतदान होऊ द्यायचं?

आमच्याकडे ग्रामपंचायतीचा मेंबर वारला की तेरवीच्या पंगतीतच विषय निघतो, "जागा वहिनींनाच द्या, बिनविरोध." वहिनी म्हणजे त्याची बायको. बोलणाऱ्याचा जीव खरंच तुटत असतो. तरी जरा थांबा.

नुसतं बैठकीत ठरवून जागा कुणाला मिळत नाही. राज्य निवडणूक आयोग पोटनिवडणूक लावतो, अर्ज भरले जातात आणि माघारीनंतर एकच उरला तर बिनविरोध. दोन्ही वाटांनी मिळतो तो उरलेलाच काळ, नवी ५ वर्षं नव्हे.

बिनविरोध झालं तर भावकीतलं वैर टळतं, कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडत नाही. पण वॉर्ड राखीव असला की गाडं अडतं. मेंबर गेला म्हणून आरक्षण बदलत नाही, आणि बाईची जात माहेरची धरतात. नवऱ्याच्या प्रमाणपत्रावर भागत नाही. तिच्या वडिलांकडचे कागद लागतात, पुढे जात पडताळणी. सीमेवरच्या तालुक्यांत कितीक सुनांचं माहेर मध्य प्रदेशात, तेलंगणात. त्यांचं तर आणखीच अवघड. हे अर्जाच्या आदल्या दिवशी कळून काय उपयोग?

शिवाय बिनविरोधच्या नावाखाली देवळाच्या देणगीची बोली लागू देऊ नका. २०२१ मध्ये अशाच लिलावांवरून आयोगाने नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली होती.

मतदानात चुरस होते, खर्च होतो, त्याचा हिशोबही द्यावा लागतो. पण वॉर्डातल्या २१ वर्षांच्या पोरीलाही उभं राहता येतं, आणि वहिनी जिंकल्या तर "दयेवर आली" असं कुणी म्हणू शकत नाही. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर मे २०२३ मध्ये गेले. तिथे पोटनिवडणूक झालीच नाही, वर्षभर खासदार नव्हता. २०२४ ला त्यांच्या पत्नी प्रतिभाताई मतं मागून निवडून आल्या.

गेलेला माणूस थेट निवडलेला सरपंच असेल तर मात्र एका वॉर्डाचा प्रश्न राहत नाही, अख्खं गाव मत देतं. तिथे मी मतदानाच्याच बाजूने.

वॉर्डापुरतं म्हणाल तर वहिनींची स्वतःची इच्छा असेल आणि कागद हाती असतील तर बिनविरोध करा. नाहीतर सही त्यांची आणि कारभार दिराचा, हे मी जवळून पाहिलंय. दीर-सासरे समोर नसताना एखाद्या बाईनेच जाऊन वहिनींना विचारावं, आणि नाही म्हणाल्या तर पुन्हा विचारू नये.