फ्रीमाँट की मेरिसव्हिल? जपानी कारखाने आणि अमेरिकन युनियन

जपानी गाड्यांनी डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकेच्या मोटारउद्योगाला, घाम फोडला, तेव्हा दोष युनियनवर ढकलणं सोपं होतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची गोष्ट मात्र वेगळंच सांगते. जनरल मोटर्सने 1982 मध्ये बंद केलेला तो कारखाना 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, आणि युनियनही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. पूर्वी लाइन, म्हणजे गाड्या जोडत पुढे सरकणारी साखळी, थांबवणं म्हणजे गुन्हाच. आता चूक दिसली की कोणीही लाइनवरची इशाऱ्याची दोरी ओढायची, टीम लीडर धावत येणार, गरज पडली तर लाइन थांबणार. कामगारांना ठरावीक कामापुरतं बांधून ठेवणारे कामांचे डझनावारी प्रकार मोडीत निघाले. बदल्यात नोकरीची हमी मिळाली. 1988 मध्ये विक्री घसरली तरी कपात झाली नाही, रिकाम्या वेळात प्रशिक्षण दिलं गेलं.

होंडाने ओहायोतल्या मेरिसव्हिलमध्ये 1982 पासून युनियनशिवायच अकॉर्ड ही गाडी बनवली. गाड्या उत्तम, पगारही बरे. पण युनियनचा करार नसल्याने कामगाराची भिस्त मालकाच्या मर्जीवरच. मला विचाराल तर फ्रीमाँट उजवं. 2009 मध्ये दिवाळखोरीतल्या जनरल मोटर्सने तिथल्या भागीदारीतून अंग काढून घेतलं, 2010 मध्ये कारखान्याला टाळं लागलं. आज तिथे टेस्ला आहे, युनियन नाही.