गिझर तोच, शॉवर नवा: आठ महिन्यांचा अनुभव

आमचा गिझर 25 लिटरचा. वीज वाचावी म्हणून मी थर्मोस्टॅट 75 वरून 60 अंशांवर आणला आणि घरातला वाद ओढवून घेतला. चौथ्या मिनिटालाच शॉवर कोमट पडू लागला. "मोठा गिझर घ्या," असा ठराव जवळपास मंजूरच झाला होता.

तो पास होण्याआधी शॉवरखाली बादली ठेवून घड्याळ लावलं. मिनिटाला 13 लिटर! आता हिशेब बघा. 60 अंशांचं 25 लिटर पाणी 22 अंशांच्या पाण्यात मिसळलं की अंघोळीला लागणारं 40 अंशांचं साधारण 53 लिटर होतं. त्याला 13 ने भागलं की चार मिनिटं. म्हणजे गिझर लहान नव्हता, शॉवर उधळ्या होता.

थर्मोस्टॅट परत 75 वर न्यायचा नव्हता. खोली 25 अंशांची धरली तर टाकी आणि हवेतला फरक 50 वरून 35 अंशांवर येतो, आणि नुसतं साठवून ठेवण्यात जाणारी उष्णता सुमारे 30 टक्के घटते. क्षारही कमी धरतात. पण 60 च्या फार खाली मी गेलो नाही. फुफ्फुसांचा आजार करणारा लिजिओनेला जिवाणू साधारण 20 ते 45 अंशांच्या साठवलेल्या पाण्यात फोफावतो, तिथे काटकसर नको.

पहिला कमी पाण्याचा शॉवर साफ फसला. वरच्या टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा जेमतेम 3 मीटर उंच. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे 0.3 बार. खोक्यावर लिहिलेली धार 3 बार दाबाला मिळणारी होती, ते मी वाचलंच नाही. पाणी अंगावर पडायचं सोडून भिंतीवरून ओघळायचं. दुसरा खास कमी दाबासाठीचा आणला, तो मिनिटाला 7 लिटर देतो. तेच 53 लिटर आता साडेसात मिनिटं पुरतं. पाच मिनिटांच्या अंघोळीत 30 लिटर वाचतं आणि ते तापवायची 0.6 युनिटच्या आसपास वीजही. डोकं धुताना धार थोडी कमी वाटते, हे मान्य. दर दीड महिन्याने भोकांतले क्षार व्हिनेगरने काढावे लागतात, नाहीतर धारा वाकड्यातिकड्या उडतात.

एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या, दोन नळांना लावले. बेसिनला छान. बाथरूममध्ये बादली भरायच्या नळाचा मात्र दोन दिवसांत काढून टाकला. बादली जेवढी आहे तेवढीच भरायची, फक्त उभं राहायला जास्त वेळ.

सगळ्यात जास्त अपेक्षा पाइपवरच्या काळ्या फोमकडून होती. गिझरपासून स्वयंपाकघरापर्यंत 9 मीटर पाऊण इंची पाइप, म्हणजे गरम पाणी येण्याआधी दोन लिटरहून जास्त गार पाणी सोडायचं. फोम लावूनही सकाळी पहिल्यांदा तेवढंच सोडावं लागतं! रात्रभरात पाइप गार पडणारच, फोम फक्त उशीर करतो. फायदा झाला तो अंघोळी एकापाठोपाठ उरकायला लागल्यावर: अर्ध्या तासाच्या आत दुसरा माणूस गेला तर नळातून जवळजवळ लगेच गरम पाणी येतं. फोम लावायचाच तर टाकीतून निघणारा पहिला मीटर-दोन मीटर आधी झाका, तिथून टाकीचीच उष्णता पाइपमध्ये चढते. बाकीची मेहनत मी वाया घालवली, असंच म्हणेन.

थेंब-थेंब गळणारा गरम पाण्याचा नळ मात्र दहा मिनिटांत बरा झाला. वॉल्व्ह बंद करा, स्पिंडल (नळाच्या आतला फिरणारा दांडा) काढा, रबरी वॉशर बदला. त्याच झटक्यात प्लंबरकडून गिझर उघडून घेतला. अॅनोड रॉडची (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) नुसती तार उरली होती आणि कॉइलवर पांढरा थर होता. रॉड नवा बसवला, पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

मोठ्या गिझरचा विषय सहा महिने कोणी काढलेला नाही. फोमच्या दोन कांड्या उरल्यात, त्या माळ्यावर आहेत.