गल्लीतला सीसीटीव्ही कॅमेरा: चोख राखणदार, पण विजेचा खोटा साक्षीदार

सांगलीच्या गावभागात आमच्या घरासमोरचा बोळ जेमतेम आठ फूट रुंद आहे. त्यावर नजर ठेवण्यासाठी साडेचार हजार रुपयांना घेतलेला सीसीटीव्ही कॅमेरा वळीव आणि पावसाळा असे दोन्ही पाहून झाला आहे, तेव्हा त्याविषयी लिहायला आता हरकत नाही. दिवसाचे चित्र स्वच्छ येते आणि बोळाच्या टोकाला लावलेल्या दुचाकीचा नंबर सहज वाचता येतो. रात्री मात्र इन्फ्रारेड दिव्यांपुढून उडणारा प्रत्येक किडा धूमकेतूसारखा दिसतो. काचेपुढचे कोळ्याचे जाळे अधूनमधून काढले की हा त्रास बराच कमी होतो.

माझी खरी तक्रार विजेबद्दल आहे. मे महिन्यात सायंकाळी पाचच्या सुमारास वळवाचा पाऊस कोसळत असताना टिपलेल्या चित्रफितीत शेजाऱ्यांच्या नारळावर वरपासून खालपर्यंत लखलखीत पांढरा खांब उतरलेला दिसला. भाच्याने ती चित्रफीत व्हॉट्सॲपवर टाकली आणि दिवेलागणीपर्यंत ‘गावभागात वीज पडली’ म्हणून लोक आमच्याच दारात चौकशीला आले. नारळाची झावळीसुद्धा करपली नव्हती. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, कॅमेऱ्यात दिसलंय म्हणजे पडलीच की!”

चित्रफीत एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिली तेव्हा उलगडा झाला. खांब एकाच फ्रेममध्ये होता, त्याच्या दोन्ही कडा पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ होत्या, त्याला एकही फाटा नव्हता, आणि त्या पट्ट्यात आलेले नारळाचे खोड, भिंत आणि दोरीवर विसरलेली चादर हे सारे सारखेच उजळले होते. कॅमेऱ्याच्या माइकने पकडलेला गडगडाट तर तब्बल सात सेकंदांनी आला. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे ती वीज आमच्यापासून जवळजवळ 2.4 किलोमीटरवर होती.

अशा कॅमेऱ्यातला सीमॉस सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र करणारी चिप, संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही, तो ते एकेक ओळ करून वाचतो. यालाच रोलिंग शटर म्हणतात. विजेचा एकेक झटका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ झळाळतो, त्यामुळे त्या क्षणी ज्या ओळी उघड्या असतात तेवढ्याच उजळतात. सगळ्या ओळी वाचायला 30 मिलिसेकंद लागत असतील आणि शटर 1/200 सेकंदावर असेल, म्हणजे प्रत्येक ओळ 5 मिलिसेकंद उघडी राहत असेल, तर चित्राचा साधारण सहावा भाग पांढरा होतो. एरवी हा पट्टा आडवा पडतो आणि त्याला कोणी वीज समजत नाही. आमचा बोळ अरुंद असल्याने फिटरने कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून ‘कॉरिडॉर मोड’वर लावला होता, आणि त्याबरोबर सेन्सरच्या ओळीही उभ्या झाल्या. मोबाइल उभा धरून काढलेल्या चित्रफितींत हेच होते. मेक्सिकोतील चिचेन इत्झा येथे 2009 साली आयफोनने घेतलेल्या एका छायाचित्रात पिरॅमिडच्या माथ्यावरून आकाशात जाणारा प्रकाशस्तंभ दिसतो. त्याचीही उकल पाठीमागे चमकलेली वीज आणि सेन्सरची ही वाचण्याची रीत अशीच केली गेली.

पुढच्या वळवात मी शटर हाताने 1/25 वर ठेवून पाहिले. चित्र भगभगीत झाले, पण खांब गेला आणि त्याच्या जागी फ्रेमचा एक भाग पांढरा, तर उरलेला पुढच्या फ्रेममध्ये पांढरा, असे दिसू लागले. ही सोय ॲपमध्ये तीन मेनूंच्या आत दडवून ठेवली आहे, आणि माहितीपत्रकात रोलिंग शटरचा उल्लेख नसताना ‘वादळातही अचूक चित्रण’ मात्र ठळक अक्षरांत आहे. त्या एका वाक्यासाठी मी एक तारा कापतो.

राखणीसाठी कॅमेरा जरूर घ्यावा. बोळ अरुंद असेल तर कॉरिडॉर मोडही सोडू नये, कारण आडव्या चित्रात निम्मी जागा दोन्ही बाजूंच्या भिंतीच खातात. पाचपैकी चार तारे.