तांबूची नाजूक कातडी आणि गोचिडीची औषधं: पावडरपासून गोळीपर्यंत सगळं वापरून झाल्यावर

आमचा तांबू गावठी, रंगाने तांबडा, वजन 18 किलो, पण पोटाखाली आणि काखेत केस एवढे विरळ की आतली गुलाबी कातडी दिसते, आणि तिथेच सगळा त्रास. जरा काही झालं की पोट लाल, पुळ्या, मग चाटून चाटून ओलं. घर आमचं गोव्यात कवळ्याला, जुनं चिऱ्यांचं, मागे कुळागर, म्हणजे पोफळी, केळी, पाणी, कुजलेला पाला, गोचिडी आणि पिसवांना जे जे हवं ते सगळं दारातच. गेल्या तीन वर्षांत आम्ही त्याच्यावर पावडर, शाम्पू, स्प्रे, मानेवरचे ड्रॉप्स आणि गोळी एवढं सगळं वापरलं, त्यात पैसेही गेले आणि बिचाऱ्याचे हालही झाले, म्हणून जे कळलं ते लिहितेय.

आधी मुद्द्याचं सांगते. कुत्र्याची कातडी नाजूक आहे म्हणून आपण दुकानात जाऊन "काहीतरी माइल्ड द्या" असं म्हणतो ना, तिथेच चुकतं. मी दोन वर्षं तेच केलं. औषध माइल्ड आहे का यापेक्षा ते कातडीवर बसून राहणारं आहे का पोटातून जाणारं आहे हे आधी बघायला हवं होतं.

सुरुवात पावडरने झाली. दुकानदार म्हणाला ताई हे घेऊन जा, सगळे नेतात. मी पाठची बाजू न वाचता तांबूच्या अंगभर चोळली, त्याने ती चाटली, तोंडाला फेस आला आणि संध्याकाळपर्यंत पोट टोमॅटोसारखं. नळाखाली धरून धुतला आणि डॉक्टर मॅडमना फोन केला. नंतर डबा वाचला तर त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक. कुत्र्यांना ते बऱ्यापैकी चालतं पण मांजराला परमेथ्रिन म्हणजे विष, अंगाला झटके येऊन मांजर मरूही शकतं, आणि आमची मनी रोज रात्री पडवीत तांबूच्या पोटाशी झोपते. तिला काही झालं नाही हे नशीब. पण घरात मांजर असेल तर कुठलीही पावडर, ड्रॉप्स, शाम्पू घेताना त्यात परमेथ्रिन आहे का हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी हे लिहिल्याचं चीज झालं.

मग घरगुती. शेजारच्या काकूंनी सांगितलं खोबरेलात कापूर घाल आणि चोळ, हें करून पळय गो, म्हणजे करून बघ गं. काकूंची माया खरी, त्यांनी स्वतःच्या कुत्र्यावर केलंही असेल, पण कापूर कातडीतून आत जातो आणि कुत्रा चाटतो तेव्हा पोटातही जातो आणि त्याने फिट येऊ शकते, हे मॅडमनी सांगितल्यावर मी ती बाटली उचलून ठेवली. टी ट्री ऑइलचंही तेच, थोडं जास्त झालं तरी कुत्र्याला बाधतं. कडुलिंबाचं तेल मी लावून बघितलं, गोचिडी तशाच, वर तांबूची कातडी चिकट आणि अजून खाजरी. पाकिटावर हर्बल लिहिलंय म्हणून ते कातडीला सोसेलच असं काही नसतं.

शाम्पूबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं फार नाही. गोचिडीचा शाम्पू त्या वेळी अंगावर जे आहे तेवढंच मारतो, तेही दहा मिनिटं फेस ठेवला तर, आणि धुतल्यावर अंगावर काही उरत नाही, दुसऱ्या दिवशी कुत्रा कुळागरात गेला की परत पहिले पाढे पंचावन्न. आणि माणसांचा शाम्पू, अगदी बाळाचाही, नको, कुत्र्याच्या कातडीचा पीएच वेगळा असतो, ती कोरडी पडते आणि खाज वाढते.

स्प्रे फिप्रोनिलचा आणला, तेही गोचिडी-पिसवा मारणारं औषध. औषध चांगलं आहे, नावं ठेवणार नाही, पण या स्प्रेमध्ये बहुतेक वेळा अल्कोहोल असतं आणि खाजवून खाजवून सोललेल्या पोटावर ते पडलं तेव्हा तांबू जो ओरडला तो आवाज अजून कानात आहे. सलग, न फुटलेल्या कातडीवर ठीक. आमच्यासारख्या केसमध्ये नाही.

ड्रॉप्सवर मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, जवळजवळ वर्ष, कारण महिन्यातून एकदा मानेवर ओतलं की झालं हे ऐकायला फार बरं वाटतं. फिप्रोनिल कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं, तेलाच्या ग्रंथींत जाऊन बसतं आणि तिथून हळूहळू महिनाभर बाहेर येत राहतं, अशी त्याची रीत. म्हणूनच ओतायच्या आधी 48 तास आणि नंतर 48 तास आंघोळ घालायची नसते, तेल धुतलं गेलं तर औषध पसरणार कशातून. आता आमची अडचण बघा. तांबूच्या पोटाला इन्फेक्शन म्हणून मॅडमनी क्लोरहेक्सिडीनच्या जंतुनाशक शाम्पूने आठवड्यातून दोनदा आंघोळ सांगितलेली, वर जून ते सप्टेंबर पाऊस, कुत्रा दिवसातून चार वेळा भिजून येणार, म्हणजे मी एका हाताने औषध ओतायचं आणि दुसऱ्या हाताने धुवायचं असा प्रकार वर्षभर चालला आणि मला वाटत राहिलं की औषधच बोगस आहे. त्यात जिथे ओतलं तिथे रुपयाएवढी जागा बोडकी झाली, पांढरी खपली धरली. सगळ्या कुत्र्यांना असं होत नाही, पण नाजूक कातडीला तेवढीच जागा पुरते. कातडीच्या आजारासाठी वारंवार आंघोळ चालू असेल तर ड्रॉप्स आणि ती आंघोळ एकमेकांच्या विरुद्ध जातात, हे मला वर्षभरात कोणीच सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

गोचिडीचा औषधी पट्टा आम्ही घेतला नाही पण दादाकडे म्हापशाला त्याच्या बॉक्सरला इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिनवाला आहे, आठ महिने चालतो, आणि त्याचं छान चाललंय. पट्ट्याची एक बाजू खरंच भारी आहे, फ्लुमेथ्रिनच्या स्पर्शानेच गोचीड दूर राहते किंवा मरते, चावायची वाट बघावी लागत नाही. पण दादाचा कुत्रा फ्लॅटमध्ये राहतो, कोरडा असतो. आमच्याकडे पावसाळ्यात मान सारखी ओली, त्यावर घट्ट पट्टा म्हणजे खाली बुरशी आणि पुरळ ठरलेलं. लावणार असाल तर दोन बोटं आत जातील एवढा सैल ठेवा आणि रोज खाली बोट फिरवून कातडी बघा.

आणि मग मागच्या ऑक्टोबरमध्ये तो ताप. तांबूने पेजेला तोंड लावलं नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, उठेना. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स पार खाली, एर्लिकिया नावाचा ताप. गोचिडीतूनच येतो तो. 28 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, वाचला. त्या महिन्यात घरात कोणाला नीट झोप नव्हती, आई रात्री दोनदा उठून त्याचं पोट हलतंय का बघायची. तोपर्यंत मी गोचिडीला खाजेचा त्रास म्हणूनच बघत होते.

त्या वेळी डॉक्टर मॅडमनी गोळीवर आणलं. या गोळ्यांना आयसोक्झाझोलिन म्हणतात, आपल्याकडे नेक्सगार्ड, ब्राव्हेक्टो, सिम्पारिका या नावांनी मिळतात. नेक्सगार्ड आणि सिम्पारिका महिन्याला एक, ब्राव्हेक्टो बारा आठवड्यांना एक. औषध रक्तात जातं, गोचीड किंवा पिसू चावली की तिच्या मज्जातंतूंवर काम करतं आणि ती मरते. कातडीवर काहीच नाही, आंघोळ कितीही घाला, पावसात भिजू दे, आणि मनी बाजूला झोपली तरी धोका नाही.

तांबूला आधी नेक्सगार्ड दिली, ती का हे ऐका कारण हे मला फार पटलं. मॅडम म्हणाल्या याचं अंग कशालाही रिॲक्शन देतं, तर आधी महिन्याची देऊ, काही झालं तर औषध त्यातल्या त्यात लवकर अंगातून जाईल, तीन महिने सोसली की मग बारा आठवड्यांची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या गोणपाटावर वाळलेल्या गोचिडी पडलेल्या दिसल्या. शेपटीच्या बुडाशी जी सारखी खाज होती, ती पिसवांच्या लाळेची ॲलर्जी होती, ती जायला मात्र दीड महिना लागला. अशा कुत्र्याला एकदोन पिसवा चावल्या तरी पुरे होतात, आणि गोळीत पिसूला चावावं तर लागतंच, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून गोळी सोडू नका. त्याच कारणाने ताप येण्याचा धोकाही गोळीने कमी होतो, शून्य होत नाही. मी अजून रोज संध्याकाळी कानांच्या आत आणि बोटांच्या मध्ये हात फिरवते, सापडलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढते. रॉकेल, उदबत्तीचा चटका हे प्रकार बंद.

गोळीलाही पथ्यं आहेत. ज्या कुत्र्याला कधी फिट आलीय त्याला विचारल्याशिवाय देऊच नका, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामकाने, 2018 मध्ये याच सगळ्या गटाबद्दल सूचना काढली होती की काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, झटके असं होऊ शकतं. बहुतेकांना सोसतात, पण डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवायची नाही. चवीसाठी यात मांसाचा स्वाद, सोया असलं काही असतं, तर ज्याच्या खाजेचं मूळ खाण्यातल्या ॲलर्जीत आहे त्यांनी तेही बोलून घ्या. ब्राव्हेक्टो उपाशीपोटी नको, जेवणासोबत द्या, तरच नीट लागू पडते. आणि मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोघांत अर्धी अर्धी करणारे मी पाहिलेत. खर्च मलाही दिसतो, एका गोळीच्या पैशांत बाजारातून चांगला इसवण, म्हणजे सुरमई, येतो, पण अर्ध्या तुकड्यात औषध अर्धंच असेल याची खात्री नसते.

आता घराचं. हे केलं नाही तर गोळीचा निम्मा उपयोग वाया. आपल्याकडची कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढते आणि तीनही वेळा रक्त पिऊन खाली उतरते, मग भिंतीवर चढून फटीत बसते, मादी तिथे हजारोंनी अंडी घालते. चिऱ्यांच्या भिंतीत फटीच फटी. आम्ही पडवीच्या आतल्या बाजूचे सगळे सांधे सिमेंटने बुजवून घेतले, गोणपाट जाळलं, त्याजागी जुन्या चादरी ठेवल्या ज्या आठवड्याला कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकता येतात. पिसवांचे कोश तर फटीत महिनोन्महिने तग धरतात, फवारणीलाही दाद देत नाहीत, म्हणून सलग तीन महिने तरी औषध चुकवायचं नाही.

सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाबद्दल, म्हणजे माणसांना होणाऱ्या गोचिडीच्या तापाबद्दल, बरेच जण विचारतात. तो रानातल्या वेगळ्या गोचिडीतून येतो, घरातल्या कुत्र्याच्या या गोचिडीतून नाही, पण तिकडच्या रानात कुत्र्याला घेऊन जात असाल तर स्वतःचे पायही झाकून जा.

आमच्यापुरतं सांगायचं तर गोळीला पैकीच्या पैकी, कोरड्या घरातल्या कुत्र्याला पट्टा चांगला, ड्रॉप्स कातडी धड असेल आणि आंघोळ कमी असेल तर, आणि पावडर माझ्या दारात परत नको. तांबूच्या पोटावर आता केस आलेत, मानेवरची ती रुपयाएवढी जागा मात्र अजून तशीच आहे. तीन नेक्सगार्डनंतर तो ब्राव्हेक्टोवर आहे, पुढची गोळी मेअखेर, पाऊस लागायच्या आधी. देण्यापूर्वी वजन परत करणार आहे, कारण फणसाच्या दिवसांत तो गरे खाऊन फुगतो आणि 20 किलोच्या वर गेला तर वरच्या वजनाचं पाकीट आणावं लागेल.